निळं पिस्तूल आणि मॅमॉचा मुक्काम

टोशा रॅटलिफच्या तोंडून ते वाक्य निसटलं, तेव्हा तिच्या कडेवर दहा महिन्यांचा अमोस होता, मान वाकडी करून खांद्यावर फोन दाबलेला होता आणि शेगडीवर रताळी करपत होती. अशा अवस्थेत माणूस खरं बोलत नाही. जे बोलल्यानं फोन लवकर बंद होईल, ते बोलतो.

फोनवर सासू होती. नाव व्हर्ना, पण अमोस झाल्यापासून ती स्वतःला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणवून घेई, आणि तिनं म्हणवून घेतलं की डोंगरातली सगळी दरी तसं म्हणे. मॅमॉच्या फ्रिजवर पोलिसांचे वायरलेस निरोप ऐकायचं एक यंत्र अष्टौप्रहर खरखरत असे. केंटकीच्या त्या कोपऱ्यात कुणाची गाय रस्त्यावर आली, कुणाचा मेहुणा पिऊन खड्ड्यात गेला, हे पोलिसांच्या बरोबरीनं मॅमॉला कळे. (कधी कधी आधीही. पोलीस मध्ये चहा-कॉफीला थांबत; मॅमॉ थांबत नसे.)

"ऐकलंस का? प्रॅटरच्या घरचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं. वर बसून चालवायचं, मोठं! तुझ्या घरापासून तीन मैलांवर!"

"चोर त्यावर बसून माझ्याकडे यायला निघाला तर मला लांबूनच ऐकू येईल, मॅमॉ."

"थट्टा सुचतेय! नवरा बोटीवर, पदरात पोर, आणि घर अशा खाचेत की हाक मारली तर तुझी तुलाच ऐकू यावी. ते काही नाही. क्लेटन येईपर्यंत मी येते राहायला. मेजर आणि बिस्किटला घेऊन येते."

क्लेटन म्हणजे टोशाचा नवरा. तो ओहायो नदीवर कोळशाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर होता: अठ्ठावीस दिवस पाण्यात, चौदा दिवस घरात. मेजर आणि बिस्किट हे मॅमॉचे शिकारी कुत्रे. सशाच्या वासावर भुंकावं अशी त्यांची जात, पण ससे कमी असल्यानं ते वाऱ्यावर, चंद्रावर आणि एकमेकांवर भुंकत. अमोस झाला तेव्हा मॅमॉ 'दोन दिवसांसाठी' आली होती आणि सात आठवडे राहिली होती. जाताना तिनं स्वयंपाकघर असं काही लावून दिलं होतं की टोशाला तिची चाळणी अजून सापडलेली नव्हती.

चाळणी आठवली आणि टोशाचा तोल गेला.

"यायची काही गरज नाही," ती म्हणाली. "मी पिस्तूल घेतेय."

पलीकडचं यंत्रसुद्धा खरखरायचं थांबलं, असं टोशाला वाटलं.

"तू?"

"हो."

"लायब्ररीत पुस्तकं देणारी तू? परवा टोस्टर वाजला तर किंचाळलीस!"

"टोस्टर अचानक वाजतो, मॅमॉ."

"पिस्तूल काय घंटा देऊन वाजतं?" मॅमॉनं दीर्घ श्वास घेतला. "ठीक आहे. तीन आठवड्यांनी चर्चचा होमकमिंगचा रविवार आहे, सगळी दरी जमते. त्या दिवशी तुझ्या अंगावर असलं, तर मी शब्द काढणार नाही. नसलं, तर सोमवारी सकाळी मी, मेजर, बिस्किट आणि माझं यंत्र."

"पण ते लपवून बाळगायचं असतं ना? तुम्हाला कळणार कसं?"

"पोरी," मॅमॉ म्हणाली, "मला कळतं."

रताळ्यांचा कोळसा झाला होता.

*

टोशाकडे चारशे डॉलर होते. शिवणयंत्रासाठी साठवलेले. ती शिकलेली मुलगी. तिनं आधी वही केली. वहीत वजन, लांबी, किंमत आणि 'भीती किती वाटते' असे चार रकाने आखले. पहिले तीन रिकामे राहिले आणि चौथा लगेच भरला. मग तिनं अमोसला गाडीत बांधलं आणि ती होबर्टच्या दुकानात गेली.

होबर्टच्या दुकानात मासे धरायची गांडुळं, बंदुका आणि मागच्या खोलीत अंग उन्हात रापल्यासारखं तांबूस करून देणारी दोन यंत्रं, असा तिहेरी धंदा होता. होबर्ट स्वतः सत्तरीचा, सुताराच्या पेन्सिलीसारखा चपटा आणि लांब. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ये, टोशा. व्हर्नाचा फोन येऊन गेला."

(दरीत गुपित ठेवायचं असेल तर ते स्वतःलाही सांगू नये.)

"मला लहानसं हवंय," टोशा हळू आवाजात म्हणाली. "आणि स्वस्त."

काउंटरला टेकलेल्या तिघांनी एकदम माना वळवल्या. गांडुळं घ्यायला आलेला दाढीवाला म्हणाला, "लहान घेऊ नकोस, ताई. जितकं लहान, तितकी लाथ मोठी. हे बघ." त्यानं शर्ट वर करून कमरेचं दाखवलं. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढून स्वतःचा शर्ट वर केला. मागच्या खोलीतून एक तांबूस बाई डोकावली. "बाईमाणसाला रिव्हॉल्व्हरच बरं. कधी अडकत नाही," असं म्हणून तिनं पर्समधलं दाखवलं. पाच मिनिटांत टोशानं त्या दुकानात लपवून बाळगलेली सगळी हत्यारं बघितली आणि दोन बेंब्याही.

"गप्प बसा रे," होबर्ट म्हणाला. "हात तिचा आहे, तुमचा नाही."

त्यानं एकेक रिकामं करून, दाखवून, तिच्या हातात दिलं. बाईच्या आवडीचं म्हणून आलेलं गुलाबी तर तळहातावर मावत होतं. होबर्टनं दुकानामागच्या बांधावर ते तिला उडवू दिलं. (अमोस तोवर तांबूस बाईपाशी, आत, तिच्या पर्सपासून लांब.) एका बारात टोशाचा हात कोपरापर्यंत झिणझिणला. जुनं रिव्हॉल्व्हर स्वस्त होतं, पण त्याचा घोडा ओढायला दोन बोटं आणि देवाचं नाव लागे. तिसरं मात्र मध्यम, काळं, साधं. ना फार लहान, ना फार जड. तिनं पाच बार काढले. प्रत्येक बारानंतर तिच्या तोंडून आपोआप "सॉरी" निघत होतं.

"कुणाला सॉरी म्हणतेस?" होबर्टनं विचारलं.

"कागदाला."

होबर्ट कागद काढून घेऊन आला. पाचही भोकं एका बशीत मावली असती. तो कागदाकडे आणि मग टोशाकडे असा बघत राहिला, जसं लोणच्याच्या बरणीतून मध निघाला असावा.

"हेच," तो म्हणाला. "साडेतीनशे."

टोशा इतकी आनंदली की तिनं वही मिटली. चारशेतून साडेतीनशे गेले, पन्नास उरले, शिवणयंत्राची निदान सुई तरी येईल! पण होबर्टचा दोष हा की तो प्रामाणिक होता.

"घरात रांगतं पोर आहे. कुलपाची पेटी हवी. ती आधी."

पेटी आली. बोट टेकवलं की उघडणारी, स्वस्तातली. घरी टोशानं बोटाची ओळख करून दिली, तर पेटीला ते बोट पटेना. अमोसनं मात्र भोपळ्यानं माखलेली करंगळी लावली आणि झाकण टक्कन उघडलं. मग टोशानं गाजर लावून बघितलं. गाजरालाही उघडलं. ती पेटी परत करून किल्लीची, दणकट, दुप्पट किमतीची घ्यावी लागली. मग निवृत्त शेरीफचा आठ तासांचा वर्ग. आमच्याकडे त्याची सक्ती नाही, पण टोशाला परीक्षेशिवाय काही येतंय असं कधी वाटतच नसे. वर्गात दहाजण होते. टिपणं फक्त तिनं काढली आणि शंका तर इतक्या विचारल्या की शेरीफनं जेवणाची सुट्टी लवकर दिली. मग सरावाच्या गोळ्या. मग बाराचा आवाज अडवायला कानाला लावायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आठवड्यानं हिशेब केला तेव्हा सगळा मसाला घरात होता आणि कोंबडीला पुरतील इतके पैसे नव्हते.

"घाबरू नकोस," होबर्ट म्हणाला. "थोडे देऊन ठेव, बाकीचे जमतील तसे. तुझ्या नावाची चिठ्ठी लावून पिस्तूल माझ्या खणात ठेवतो. तोवर हे वागव." त्यानं काउंटरखालून तसंच्या तसं एक काढलं. तोच आकार, तेच वजन, पण भरीव प्लास्टिकचं आणि रंगानं निळंशार. "शिकाऊ लोकांना हेच देतो. अंगावर घेऊन वाक, बस, पोर उचल, भांडी घास. अंगाला सवय झाली की मग खरं."

"पण होमकमिंग..."

"लपवायचंच आहे ना?" होबर्ट डोळा मिचकावून म्हणाला. "लपलेल्याला रंग कुठला?"

हे तर्कशास्त्र टोशाला इतकं पटलं की तिनं होबर्टला मिठी मारली. इथेच तिचं चुकलं. मिठी मारण्याऐवजी पट्टा घ्यायला हवा होता.

*

कारण निळं पिस्तूल ठेवायचं कशात? पोटाला गुंडाळायचा रुंद, कप्प्याचा लवचीक पट्टा दुकानात साठ डॉलरला होता. आणि अगदी तस्साच, रुंद, लवचीक, टोशाच्या कपाटात फुकट पडून होता: बाळंतपणानंतर पोट आवळायला दवाखान्यानं दिलेला. तिनं जुन्या जीन्सचा खिसा उसवून त्याला हातानं शिवला आणि स्वतःच्या हुशारीवर दोन दिवस खूश राहिली. त्या पट्ट्यानं सात आठवडे एका बाळंतिणीचं पोट आणि सासूचा मुक्काम असा दुहेरी ताण सोसला होता. त्याच्यात आता दम उरला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सराव मात्र मनापासून चालला. लपवायला अंगावर जागा लागते, आणि टोशाच्या अंगावर जागा भरपूर होती. पण ती मऊ होती आणि अमोसच्या मालकीची होती. डाव्या कडेवर घेतलं की तो उजव्या बाजूला लाथ मारी. उजवीकडे घेतलं की त्याला तिथे काहीतरी टणक लागे आणि तो 'हे काय नवीन?' अशा नजरेनं बघे. बसलं की निळं बरगडीत रुते. एकदा लायब्ररीत पुस्तक द्यायला वाकली आणि तिच्या तोंडून अशी "आई गं!" निघाली की समोरच्या आजोबांनी पुस्तक न घेताच माफी मागितली.

पण दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. संध्याकाळी पोर्चमध्ये कसलासा आवाज झाला. टोशा उठली, दार लोटलं आणि "कोण आहे?" असं विचारलं, तेही न कापणाऱ्या आवाजात! पायरीवर एक जाडा रॅकून कचऱ्याच्या डब्यात हात घालून बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो खरंच निघून गेला. अंगावर काय होतं? अर्धा शेर निळं प्लास्टिक. तरी तिला वाटलं, जमेल आपल्याला. हे घर, ही दरी, हे पोर, सगळं. तिनं त्या दिवशी चाळणीही शोधून काढली. (ओव्हनच्या खालच्या खणात होती. का, ते मॅमॉलाच ठाऊक.)

आता फक्त एक रविवार निभवायचा होता.

*

होमकमिंगला दरी सोडून गेलेलेही परत येतात. आधी गाणी, मग प्रवचन, मग चर्चच्या मागच्या हॉलमध्ये प्रत्येक घरची एकेक परात. टोशानं लांब, घोळदार फुलाफुलांचा झगा घातला, आत पट्टा, पट्ट्यात निळं. मॅमॉ पहिल्या रांगेत होती. तिनं सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर उजव्या कमरेवर थांबवली आणि मान डोलावली.

"दिसत नाही," ती कानात पुटपुटली. "पण आहे. शाबास."

टोशाला वाटलं, आपण तरंगतोय. ती पहिलं गाणं अशा उंच स्वरात म्हणाली की पेटी वाजवायला बसलेल्या ऐंशी वर्षांच्या मिस आयलानं वळून पाहिलं.

दुसऱ्या गाण्यात पट्टा पहिल्यांदा सरकला.

बोटभरच. टोशानं कोपरानं सावरलं. तिसऱ्या गाण्याला टाळ्या होत्या. टाळीगणिक निळं उजव्या कमरेवरून पाठीकडे निघालं, जसं काही तेही जुन्या ओळखी भेटायला आलं होतं. प्रवचनात ते मधोमध आलं. पाद्री ब्रदर लॉनी शांत चित्ताबद्दल बोलत होते आणि टोशा बाकावर अशी ताठ बसली होती की मागच्या रांगेला तिची भक्ती वाखाणावीशी वाटली. शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले तेव्हा प्रवास डाव्या बाजूनं पुढे आला होता आणि पट्टा मांड्यांकडे उतरायच्या विचारात होता.

"बरं नाही का?" मॅमॉनं विचारलं.

"अगदी मजेत," टोशा गुडघे जुळवून म्हणाली.

हॉलपर्यंत ती पेंग्विनसारखी चालत गेली. केळ्यांच्या पुडिंगची परात, तळलेल्या कोंबड्या, शेंगांची भाजी, साठेक माणसं. आता फक्त स्वच्छतागृह गाठायचं. वीस पावलं. पंधरा. आणि अमोसनं मॅमॉच्या हातांतून दोन्ही हात पसरून आईकडे झेप घेतली. आईला वाकावंच लागलं.

पट्ट्यानं हाय खाल्ली. खाड!

हॉलच्या फरशीवर पिस्तूल पडल्याचा आवाज आमच्याकडे कुणालाही डोळे मिटून ओळखता येतो. बोलणी थांबली. चमचे थांबले. आणि मग, कुणीही काहीही न ठरवता, सगळ्या हॉलनं एकदम स्वतःचं चाचपून पाहिलं.

दाढीवाल्याचा हात कमरेला गेला. तांबूस बाईचा पर्समध्ये. तीन काकांचे बगलेत. प्रॅटरबाईनं बायबलच्या चामडी पिशवीची चेन उघडून आत पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मिस आयलानं विणकामाच्या टोपलीत लोकरीखाली हात घातला. ब्रदर लॉनी, नुकतेच शांत चित्तावर बोललेले, एका पायावर उभे राहून दुसरा घोटा चाचपत होते. सगळ्यांचं लपलेलं होतं, सगळ्यांचं जागेवर होतं, आणि ते तसं आहे हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

एकच बाई अशी होती की तिनं काहीच चाचपलं नाही: टोशा. साठ जोडी डोळे तिच्याकडे वळले.

मॅमॉ मात्र हलली. अमोसला एका कडेवर घट्ट धरून तिनं चपळाईनं पुढे होऊन पिस्तुलावर पाय ठेवला, वाकली, टोक विटांच्या भिंतीकडे धरून उचललं, आणि मग थांबली.

"हे निळं का आहे?"

टोशा झग्यावरूनच पट्टा वर ओढत राहिली.

मॅमॉनं वरचा भाग मागे ओढायचा प्रयत्न केला. "आणि हे उघडत का नाही?"

"त्यात उघडण्यासारखं काही नाहीये, मॅमॉ."

विणकामाच्या टोपलीमागून मिस आयलाचं खिदळणं सुरू झालं, बारीक, शिट्टीसारखं. आणि ते शेंगांच्या भाजीवरून पसरत गेलं आणि सगळा हॉल टेबलांना धरून हसू लागला. ब्रदर लॉनींना तर पाय खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. अमोसनं त्या आनंदात आजीच्या हातातलं निळं हिसकायची खटपट सुरू केली. टोशाही हसली. न हसून करते काय? पण हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिला सोमवार दिसत होता. मेजर दिसत होता. बिस्किट दिसत होता.

*

भांडी घासताना मॅमॉ शेजारी येऊन उभी राहिली. ताटं पुसू लागली.

"होबर्ट म्हणाला, तू कागदावर पाच भोकं एका बशीत पाडलीस."

"हो."

"कागदाची माफी मागत?"

"हो."

"आणि पैसे आधी कुलपाच्या पेटीवर घातलेस. पोरासाठी." मॅमॉनं हात पुसले, पर्स उघडली आणि लोकरी पायमोज्यात गुंडाळलेलं तिचं रिव्हॉल्व्हर काढलं. सगळी दरी ज्याला वचकून होती, ते. तिनं ते रिकामं केलं, टोशाला रिकामं दाखवलं आणि मोज्यासकट पुढे केलं. "क्लेटनच्या बापानं मला लग्नात दिलं होतं. घोडा हलका करून घेतलेला आहे. आता तुझं. माझी सून प्लास्टिक घेऊन हिंडते म्हणजे काय!"

पिस्तूल मिळालं, फुकट मिळालं, होबर्टकडे दिलेले पैसे परत येतील, शिवणयंत्राची निदान सुई तरी येईल! तिनं मॅमॉला साबणाच्या हातांनीच मिठी मारली.

"म्हणजे आता तुम्हाला राहायला यायची गरजच नाही!"

"तुझ्यासाठी? मुळीच नाही," मॅमॉ म्हणाली. "पण आता माझ्या घरात एकटी म्हातारी, आणि हाताशी साधं रिव्हॉल्व्हर नाही. तीन मैलांवर चोऱ्या होतायत, पोरी. उद्या सकाळी आठला येते."

ती पावणेआठलाच आली. दहापर्यंत यंत्र टोशाच्या फ्रिजवर खरखरत होतं, अकरापर्यंत पडदे धुऊन वाळत पडले होते, आणि मेजर-बिस्किट एका रॅकूनला जाहीर आव्हान देत होते. दुपारी यंत्रातून पोलिसाचा कंटाळलेला आवाज आला: प्रॅटरचं गवत कापायचं यंत्र सापडलं. चोरी नाही. मेहुण्यानं न विचारता नेलं होतं.

टोशा आशेनं वळली. "ऐकलंत, मॅमॉ? चोर नव्हताच!"

"ऐकलं ना," मॅमॉ ओव्हनच्या खालचा खण लावत म्हणाली. "आणि हे बघ, तुझी चाळणी भलत्याच ठिकाणी होती. मी नीट ठेवलीय."